तक्त्यावरच्या खुणा

१६ जानेवारी १९६१, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुढे, डावा मागे. पण पिकलेला नाही म्हणतात आणि पिकल्याशिवाय काढत नाहीत. म्हणजे आधी नीट आंधळं व्हायचं, मग दिसायला लागेल. "जूनमध्ये या." आंब्याबरोबर हाही पिकेल.
जाड निबाचं पेन आणलं. अक्षर बोराएवढं काढते तरी ओळ ओळीवर चढते. बेळगावला शाळेत बारा वर्षं पोरींच्या हातावर छड्या मारल्या, ओळ सरळ ठेवा म्हणून. त्यातल्या एखादीने हे पान पाहिलं तर पेढे वाटील.

२२ जानेवारी, रविवार
आमच्या ख्रिस्ती देवळात गेले. उपासना कानडीत. पाळकसाहेबांचं कानडी पुस्तकातलं, माझं बाजारातलं. इथल्या मारतहळ्ळीच्या भाजीवालीशी घासाघीस करायला पुरतं, संदेष्ट्यांपर्यंत पोचत नाही. इतकी वर्षं मी घरी येऊन मराठीत वाचून घ्यायचे, त्यामुळे काही अडलं नाही.
आज घरी येऊन यांचं शास्त्र, मराठी बायबल, उघडलं. बारीक टाईप. फीत अजून तिथेच, योहानाच्या शेवटच्या अध्यायात. यांना जाऊन साडेतीन महिने झाले, फीत कोण हलवणार. भिंग लावलं. सगळ्या मुंग्या, त्याही वारूळ फुटल्यासारख्या. बंद करून ठेवलं.
एकशे सोळा अध्याय वाचायचे होते. रोज एक म्हटला तरी मेमध्ये संपले असते. आता कसं?

२९ जानेवारी, रविवार
लिहूनच टाकते. वही माझी, कोण वाचतंय.
कपाटाच्या दाराला आतून वाचनाचे तक्ते लावलेले आहेत. देवळातून मिळतात. नव्या कराराच्या प्रत्येक अध्यायाला एक चौकोन, वाचला की खूण करायची. यांचा एक, माझा एक. माझा नेहमी पुढे. हे हसायचे, "तू काय गाडी पकडायला निघालीस?"
गेल्या वर्षी यांचा तक्ता योहान २० ला थांबला. चौदा जून. आजार वाढला होता, कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी सुटली होती. खिडकीशी खुर्ची टाकून शास्त्र मांडीवर घेऊन बसायचे, तास तास. पान उलटत नसे. मी स्वयंपाकघरातून बघायची. एकदा म्हटलं, तक्ता रिकामा राहतोय. म्हणाले, "राहू दे." तेवढंच. पुढे विचारायची हिंमत झाली नाही. यांची श्रद्धा गेली असं मी मनाशी धरलं. नुसतं पुस्तक धरून बसतात, मला वाईट वाटू नये म्हणून.
नऊ ऑक्टोबरला गेले. लोक यायच्या आधी मी पेन घेतलं आणि यांच्या तक्त्यावर खुणा केल्या. पंधरा जूनपासून दिवसाला एक. योहान २१ ते फिलेमोन. एकशे सोळा. कपाट उघडून बघायला कोण येणार होतं? पण मीच पाळकसाहेबांना उघडून दाखवलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत वाचन सुटलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.
ते एकशे सोळा अध्याय यांच्या नावाने मी वाचायचे असं तेव्हाच ठरवलं, म्हणजे खुणा खोट्या राहणार नाहीत. उद्यापासून, उद्यापासून करत बसले आणि डोळे गेले.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं वाटलं होतं. शेजारच्या तुळसाक्का. शिंप्यांचं घर, नवऱ्याचं दुकान बाजारात, स्वतः घरी बसून काजं, बटणं, तुरपाई करतात. पिढ्यान् पिढ्या इथले. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत आले म्हणे. घरात बोलणं मराठीच. विचारलं, रोज थोडं वाचून दाखवाल का? यांचं शास्त्र हातात दिलं. त्यांनी इकडून तिकडून पाहिलं आणि हसल्या.
"टीचरम्मा, मला ही अक्षरं कुठं येत्यात? आमी मराठी बोलतो की. वाचतो कन्नड."
अठरा वर्षांचा शेजार. दर दिवाळीला मी त्यांना मराठी मासिक वाचायला देते. चार दिवसांनी परत आणून देतात, "बरं हाय" म्हणतात. अठरा वर्षं त्या चित्रं बघत होत्या. सांगायला लाजल्या असतील, आणि मला विचारायचं सुचलं नाही. टीचरम्मा म्हणे.

६ फेब्रु., सोमवार
पाळकसाहेबांकडून कानडी शास्त्र मागून आणलं. अक्का कानडीत वाचणार आणि मराठीत सांगणार. अटी त्यांच्या: त्यांची पूजा झाल्यावर येणार, आणि कॉफी स्वतः करणार, कारण माझी कॉफी म्हणजे काढा असतो.
मी भीतभीत विचारलं, तुमच्या देवाला चालेल ना?
"सांगून आलोय त्याला. टीचरम्माचे डोळे परत येईतोपर्यंत, म्हटलं. काय बोलला न्हाई. म्हंजे सरी." सरी म्हणजे कानडीत ठीक.

८ फेब्रु., बुधवार
सुरुवात. यो. २१. चार वचनं झाली. एक तास.
अक्का एक वचन मनात वाचतात. ओठ हलतात. मग पुस्तकावरून मान वर. मग "थांबा स्वल्प". मग दुसऱ्यांदा वाचतात. मग सांगतात, ते त्यांच्या त्या मराठीत, अर्धं आमच्याकडचं, अर्धं इथलं. या चालीने एकशे सोळा अध्याय म्हणजे मला म्हातारी व्हावं लागेल. म्हातारी आहेच.

१३ फेब्रु.
अजून तिथेच. शिष्य रात्रभर जाळी टाकतात, एक मासा मिळत नाही. अक्कांना त्यांची फार काळजी. "घरी बायका काय म्हनल्या असतील?" म्हटलं ते लिहिलेलं नाही. म्हणाल्या, लिवलेलं न्हाई म्हनून म्हनल्या न्हाईत काय?
मी पुढचं पुढचं करते. त्या हलत नाहीत.

१७ फेब्रु., शुक्रवार
आज काहीतरी झालं. नीट लिहिते.
पहाटे प्रभू काठावर उभा आहे, त्याने निखारे पेटवले आहेत, हे वचन होतं. अक्का म्हणाल्या, "सरोवर म्हंजे आपल्या उलसूर केरेसारखं. धुकं हाय. काठाला कोन तरी शेगडी पेटवलीय. मासा भाजतोय. वास येतोय पान्यावरनं. भाकर बी हाय. आनि ह्ये सगळे भिजलेले, दमलेले, उपाशी. आनि त्याला सोडून पळालते न्हवं? भ्यालेत. तर तो म्हनतो, या, न्याहारी करा."
त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "इचारलं न्हाई बघा, कुठं गेलता म्हनून. आदी खायला घातलं."
हा अध्याय मी तीसएक वेळा तरी वाचला असेल. शाळेत शिकवला. मासे किती, काठापासून अंतर किती, होडीत कोण कोण, पोरींकडून पाठ करून घेतलं. माशाचा वास कधी आला नव्हता. आज आला. निखाऱ्याची धगही गालाला लागल्यासारखी वाटली.
अक्का गेल्यावर तशीच बसून राहिले. प्रार्थना केली असं म्हणता येणार नाही. मागितलं काहीच नाही.

२४ फेब्रु.
मीच ती. लगेच घाण केली.
दोन आठवड्यांत अकरा वचनं, हे डोक्यात बसलं होतं. म्हटलं, अक्का, अर्थ राहू द्या, तुम्ही कानडीत भराभर नुसतं वाचून टाका. मला कळो न कळो, कानावरून गेलं की वाचन झालं, खूण खरी झाली. खुणेचं त्यांना काय माहीत. त्यांनी पुस्तक मिटलं.
"अर्थाबिगर वाचायला मी काय रेडिओ हाय?"
कॉफी अर्धी टाकून गेल्या.

२ मार्च, गुरुवार
आल्या नाहीत. त्यांच्या सुनेने सांगितलं, बहिणीकडे आनेकलला गेल्यात, कधी येतील माहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, माझी जन्माची खोड. यांनी ती सोसली.

५ मार्च, रविवार
एकटीच. पुस्तक उघडायचा प्रश्न नाही. तेवढं एकच दृश्य पाठ आहे, अक्कांच्या शब्दांत. सकाळी खिडकीशी यांच्या खुर्चीत बसले आणि तेच मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. या, न्याहारी करा. गाय बसल्या बसल्या खाल्लेलंच पुन्हा तोंडात आणते, तसं. पहिल्यांदा नुसते शब्द. मग काठ दिसला. मग मी होडीत आहे असं झालं, आणि मला खाली उतरायची भीती वाटत होती. तक्त्यामुळे.
किती वेळ गेला कळलं नाही. भात लागला.

१४ मार्च, मंगळवार
अक्का परत आल्याचं शिलाई मशीनच्या आवाजावरून कळलं. भिंत धरत धरत गेले. माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "बसा." मशीन चालूच.
मग सगळं सांगितलं. तक्ता, यांचं गप्प बसणं, न उलटणारं पान, माझं पेन. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. अक्कांनी मशीन थांबवलं.
मला वाटलं, आता म्हणतील, देवाच्या कामात खोटं? तसं म्हणाल्या नाहीत. हातातल्या झग्याची कड माझ्या बोटांखाली धरली. म्हणाल्या, "तुरपाई हाय ही. वरनं टाका लागतो काय हाताला? न्हाई. चांगली असली की वरनं कळत न्हाई. मग शिवलंच न्हाई म्हनता?"
मी म्हटलं, ते माझं समाधान करायला ठीक आहे.
"सरी, मग तसं म्हना," म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू. पण उद्या येते म्हणाल्या.

१५ मार्च
आल्या. मी म्हटलं, घाई नाही. एक वचन घ्या. म्हणाल्या, "कुठलं?" म्हटलं, न्याहारीचंच.

४ एप्रिल
ईस्टर झाला. अध्याय एकविसावाच चालू आहे. रीत पडली आहे: अक्का सांगतात, दोघी गप्प. पुन्हा सांगतात, दर वेळी थोडं वेगळं. पुन्हा गप्प. मग मी माझ्या देवाशी बोलते, त्या तुरपाई करतात. त्या काय करतात मनात, मी विचारत नाही.
एकशे सोळा होणार नाहीत हे उघड आहे. तरी झोप लागते.

२१ मे, रविवार
उजव्या डोळ्याने आता दिवा आहे की नाही एवढंच कळतं. डावाही त्याच वाटेवर. हे पान अंदाजाने लिहिते आहे, ओळीखाली पट्टी धरून.
भीती वाटते. बिघडलं तर? यांच्या पुस्तकातलं एक अक्षरही पुन्हा दिसलं नाही तर? अक्का म्हणतात, "आंबा पिकला, आता काढायचाच." आनेकलच्या मारुतीला नवस बोलल्यात माझ्या डोळ्यांसाठी. मी काय बोलणार. प्रभूला सांगितलं, समजून घे.

१८ जून, रविवार
उद्या उजव्या डोळ्यासाठी इस्पितळात भरती. सात दिवस दोन्ही डोळे बांधून उताणं पडायचं, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, मान हलवायची नाही. बोलायलाही डॉक्टर नको म्हणतात. हे असते तर म्हणाले असते, तेवढं तिला जमणार नाही.
पाठ काय आहे ते बघितलं. एकच दृश्य. पुरेल.

१६ जुलै, रविवार
घरी येऊन उजव्या डोळ्यावरची पट्टीही निघाली. सगळं धुक्यात, पण उजेड आहे. चष्मा अजून महिन्याने. जास्त लिहायचं नाही.
इस्पितळातले सात दिवस अक्का रोज आल्या, बसने. पुस्तक न आणता. खाटेशी बसून हलक्या आवाजात, "काठाला शेगडी पेटवलीय..." तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची तमिळ बाई विचारायला लागली, काय गोष्ट आहे. अक्कांनी तिला तमिळमध्ये सांगितली. चौथ्या दिवशी तिच्या मुलीने घरून मासा तळून आणला. डॉक्टरांनी मला दिला नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार
चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या काचा. उंबरठा वर आलेला दिसतो, दार वाकलेलं, पाय टाकावा तर जमीन हातभर खाली. पण दिसतं. अक्कांच्या कपाळावरचं कुंकू दिसलं, आणि त्या किती म्हाताऱ्या झाल्यात तेही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. माझे डोळे काचेतून पेरूएवढे दिसतात म्हणे.
"आता तुमचं तुमी वाचा. माझं काम झालं."
म्हटलं, कॉफीचं काय? पदर खाली घेतला. "सरी. कॉफीला येतो."

२७ ऑगस्ट, रविवार
स्वयंपाक तसाच पडला आहे.
देवळातून आल्यावर यांचं शास्त्र उघडलं. फितीच्या पानावर. अक्षरं उभी राहिली, एकेक. पहिल्यांदा वाचलंच नाही, नुसती बघितली.
मग समासात काहीतरी. आधी वाटलं काचेवरचा डाग. पुसली. शिसपेन्सिल, फार फिकट. बारीक रेघा. चार उभ्या, त्यांवर एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. कारखान्यात माल मोजताना हे तशाच रेघा मारायचे. घरी तांदळाच्या पिशव्यांवरसुद्धा. समासभर उतरत गेल्यात, पानाच्या तळापर्यंत, मग डाव्या समासात. सगळ्या एकाच वचनाला लागून. निखारे, मासा, भाकर.
मोजायला घेतल्या. पाच, दहा, पंधरा. चाळीसला थांबले. मोजून काय करायचंय.
शेवटच्या पाच पुऱ्या नाहीत. तीनच उभ्या. तिसरी वाकडी, थरथरलेली, वचनाला टेकलेली.
पान उलटत नव्हतं कारण हे तिथेच होते. रोज. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि माणसाची श्रद्धा गेली म्हणून रडत होते, आणि हे आत काठावर जाऊन बसत होते. शेवटी शेवटी यांच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. या माणसाने चार महिने न्याहारीचं आमंत्रण वाचलं.
एकदा विचारलं असतं तर? 'राहू दे'च्या पुढे एक शब्द विचारला असता तर सांगितलं असतं का? मला राग आला, यांचा आणि माझा, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की उठून दार लावून घेतलं. खूप रडले. डॉक्टरांनी रडायची बंदी केली आहे.

२८ ऑगस्ट
अक्कांना पान दाखवलं. अक्षरं येत नाहीत, पण रेघा कळल्या. बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. "तुरपाई," म्हणाल्या.

१० सप्टेंबर, रविवार
कपाट उघडून यांच्या तक्त्यासमोर उभी राहिले. माझ्या निळ्या खुणा चष्म्यातून केवढ्या मोठ्या दिसतात. यांच्या खुणा लहान, चौकोनाच्या मधोमध. कोणालाही फरक कळेल. पाळकसाहेबांनाही कळला असेल का त्या दिवशी? हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.
ब्लेडने खरवडायला घेतलं. एक खरवडली, कागद फाटायला लागला. ठेवून दिलं. खोटं नीटनेटकं पुसायचं म्हणजे पुन्हा तेच.

१ ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना म्हटलं, नऊ तारखेला यांचं वर्ष, सकाळी न्याहारीला या, मला काही दाखवायचं आहे. म्हणाले, "काय?" म्हटलं, कपाट. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "येतो" म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, या काचांतून सगळेच चेहरे वाकडे दिसतात.
डावा डोळा पुढच्या वर्षी.

९ ऑक्टोबर, सोमवार
पहाटे उठून शेगडी पेटवली. सोमवारी अक्का मासा खात नाहीत, म्हणून उप्पीट आणि भाकरी. अक्का त्यांची पूजा आटपून साडेसातलाच आल्या, कॉफी करायला. पाळकसाहेब नऊला येतील.
कपाटाचं दार सताड उघडं ठेवलं आहे. तक्ता जसा आहे तसा, एक फाटलेला चौकोन, एकशे पंधरा निळ्या खुणा. शेजारी खुर्चीवर यांचं शास्त्र, त्या पानावर उघडं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, सकाळपासून चार वेळा विसरले. पाळकसाहेब काय म्हणतील माहीत नाही. यांना त्या वचनात रोज काय मिळत होतं तेही कळणार नाही आता. पण भीती फार नाही.
अजून तास आहे. अक्कांनी कॉफीचा पेला ठेवला, पदराला हात पुसले, कानडी पुस्तक मांडीवर घेतलं.
"आज कुठनं वाचायचं, टीचरम्मा?"
म्हटलं, तिथूनच.